कारा, वेटिंग लिस्ट आणि प्रार्थना: आमचा दत्तक घेण्याचा अनुभव

आमच्या लेकीचा शेवटचा फॉलो-अप रिपोर्ट २०२३च्या सप्टेंबरमध्ये काराच्या (दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) पोर्टलवर चढला आणि कागदोपत्री आमची दत्तक प्रक्रिया संपली. नोंदणी केली होती जुलै २०१८मध्ये. मधल्या काळात आमच्या चर्चच्या मंडळीतल्या आणि बाहेरच्याही कितीतरी जणांनी फोन करून विचारलं की नेमकं काय करावं लागतं, खर्च किती येतो, एवढी वर्षं कशी काढलीत, आणि ख्रिस्ती लोकांना मुळात दत्तक घेता येतं का हो? दर वेळी फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते. कागदपत्रांचंही लिहिणार आहे आणि विश्वासाचंही, कारण आमच्या बाबतीत दोन्ही एकमेकांत इतकं गुंतलेलं होतं की वेगळं करून सांगताच येणार नाही.

आधी तो शेवटचा प्रश्न. हो, येतं. पण पूर्वी येत नव्हतं. १९५६चा हिंदू दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांच्यासाठी आहे. ख्रिस्ती, मुस्लिम, पारशी जोडप्यांना १८९०च्या कायद्याखाली फक्त पालकत्व मिळायचं, म्हणजे मूल तुमच्या घरात वाढणार पण कायद्याने ते तुमचं मूल नाही, वारसाहक्क नाही, आणि ते सज्ञान झालं की ते पालकत्वही संपलं. नंतर बाल न्याय कायदा आला, २००६च्या दुरुस्तीने त्यातलं दत्तकाचं नीट स्पष्ट झालं, आणि सध्या जो २०१५चा कायदा आहे त्यात धर्माची अट नाही. आमच्या चर्चमधल्या एका आजींनी ऐंशीच्या दशकात एक मुलगी अशीच पालकत्वावर वाढवली, शिकवली, लग्न करून दिलं. घर तिच्या नावावर जावं म्हणून त्यांना वेगळं मृत्युपत्र करावं लागलं. आम्ही नोंदणी करतोय कळल्यावर त्या म्हणाल्या, "पोरी, तुम्हाला कायदा तरी तयार मिळाला, आता घाबरू नका." पुढे फार वेळा मला त्यांचं हे वाक्य उपयोगी पडलं.

मूल होण्यासाठीच्या ट्रीटमेंटबद्दल इथे फार लिहीत नाही. २०१७पर्यंत चालू होती, मग आम्ही दोघांनी मिळून ती थांबवली. दत्तकाचा विषय घरात काढायची मला भीती वाटत होती, विशेषतः सासूबाईंसमोर. त्या रोज पहाटे उठून बायबल वाचणाऱ्या, आमच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करणाऱ्या, त्यांना वाटेल की आम्ही देवावरचा भरवसा सोडला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि गलतीकरांस पत्राचा चौथा अध्याय उघडून माझ्यासमोर ठेवला. काळ पूर्ण झाला तेव्हा देवाने आपला पुत्र पाठवला आणि त्यामुळे आपण परके होतो ते त्याच्या घरची मुलं झालो, असा त्या ओळींचा अर्थ. "आपण सगळे त्याच्या घरात असेच आलोय की," एवढंच बोलून त्या चहा टाकायला उठल्या. नवरा तर आधीपासूनच तयार होता.

आता प्रक्रिया. बाल न्याय कायद्याखालचं दत्तक काराच्या केअरिंग्ज पोर्टलवरूनच होतं, ओळखीने किंवा थेट संस्थेत जाऊन नाही. जुलै २०१८मध्ये आम्ही ऑनलाइन फॉर्म भरला. त्यानंतर कागद अपलोड करायला तीस दिवस मिळतात: दोघांचा फोटो, पॅन कार्ड, जन्मतारखेचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, उत्पन्नाचा पुरावा, लग्नाचा दाखला, दोघांची मेडिकल फिटनेस सर्टिफिकेट्स आणि ओळखीच्या किंवा नात्यातल्या दोघांची शिफारसपत्रं. ऐकायला सोपं वाटतं पण आमचं अडलं ते नावांवर. लग्नाच्या दाखल्यावर माझं नाव बाप्तिस्म्याच्या रजिस्टरप्रमाणे, शाळेच्या दाखल्यावर वेगळं आणि पॅनवर त्याचं तिसरंच स्पेलिंग. ख्रिस्ती घरांत हे खूप कॉमन आहे. आमच्या पाळकांनी चर्चच्या विवाह रजिस्टरमधून सही-शिक्क्याची नक्कल काढून दिली, मग नोटरीकडे जाऊन एकच व्यक्ती असल्याचं अफिडेविट केलं, तेव्हा कुठे जुळलं. म्हणून माझी पहिली सूचना हीच की फॉर्म भरायच्या आधी सगळे कागद टेबलावर पसरून फक्त नावं आणि जन्मतारखा जुळवून बघा, ते तीस दिवस कसे जातात कळत नाही.

सप्टेंबरमध्ये होम स्टडीसाठी सोशल वर्कर घरी आल्या. मी आदल्या दिवशी पडदेसुद्धा धुतले होते, त्याची काही गरज नव्हती. त्या घर किती चकचकीत आहे ते बघायला येत नाहीत. दोघांशी एकत्र बोलल्या, मग वेगवेगळं बोलल्या, सासूबाईंशी बोलल्या. लग्न कसं चाललंय, भांडण झालं की काय करता, मूल न होण्याचं दुःख कुठवर पचलंय, मूल सावळं असलं तर, शाळेत मागे पडलं तर, मोठं होऊन खऱ्या आईबद्दल विचारलं तर. एक प्रश्न त्यांनी नवऱ्याला विचारला की मुलाचा मूळ धर्म कोणालाच माहीत नसेल तर तुम्हाला चालेल का. तो म्हणाला की त्याला देवाने घडवलं एवढं माहीत असलं की आम्हाला पुरे. होम स्टडीची फी तेव्हा ६००० रुपये होती, पावती मिळते. ऑक्टोबरमध्ये रिपोर्ट अपलोड झाला आणि आमचा नंबर वेटिंग लिस्टमध्ये दिसायला लागला.

आणि मग काहीच झालं नाही.

ट्रीटमेंटमध्ये निदान काहीतरी करायचं असतं, गोळ्या, तारखा, सोनोग्राफी. इथे करायला काही उरलं नव्हतं. मूल हवं असणारी कुटुंबं भरपूर आणि कायदेशीररीत्या दत्तकासाठी मोकळी झालेली मुलं त्या मानाने खूप कमी, त्यामुळे यादी हलते पण हळू. मी रोज सकाळी प्रार्थनेच्याही आधी मोबाइलवर पोर्टल उघडायचे. कधी नंबर थोडा खाली यायचा, कधी आठवडेच्या आठवडे तिथेच. शेवटी आम्ही दोघांनी ठरवलं की महिन्याच्या एक तारखेलाच बघायचं, एरवी नाही. रेफरल, म्हणजे आपल्यासाठी सुचवलेल्या मुलाची माहिती, आला तर मेसेज आणि ईमेल येतोच, रोज बघून तो लवकर येत नाही. हे ज्यांना जमेल त्यांनी जरूर करा. आणि नोंदणी केलेला मोबाइल नंबर आणि ईमेल आयडी काही झालं तरी बदलू नका.

मे २०१९मधला मदर्स डेचा रविवार मला अजून जड वाटतो. उपासनेनंतर सगळ्या आयांना पुढे बोलावून गुलाबाचं फूल देतात आमच्याकडे. मी बाकावर बसून राहिले. मागच्या बाकावरच्या एक मावशी खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "देवाच्या वेळेला सगळं होतं गं." त्यांच्या मनात प्रेमच होतं, मला माहीत आहे. पण मला वाटतं आपण विश्वासणारे हे वाक्य फार लवकर बोलतो. समोरच्याचं दुःख पुरतं ऐकून घ्यायच्या आधीच त्यावर हे वाक्य ठेवून मोकळे होतो, मग त्या माणसाला वाटतं की आपण रडलो तर आपला विश्वास कमी पडतोय. स्तोत्र १३ सहा ओवींचं आहे, त्यातल्या पहिल्या दोन ओवींत दावीद चार वेळा देवाला विचारतो, किती काळ? हे बायबलमध्येच आहे, म्हणजे असं विचारायला देवानेच जागा करून ठेवलेली आहे. त्या रात्री घरी येऊन मी ते स्तोत्र मोठ्याने वाचलं, आणि कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदा खरी प्रार्थना झाली असं वाटलं. त्याआधी मी देवाशी फार व्यवस्थित, शहाण्यासारखं बोलत होते.

त्याच वर्षाच्या शेवटी ती गोष्ट घडली जी मला सगळ्यांना सांगायची आहे. नात्यातल्या कोणाच्या तरी ओळखीच्या एका माणसाचा फोन आला. म्हणाला एक मुलगी आहे, आठवा महिना चालू आहे, लग्न झालेलं नाही, घरच्यांना मूल नको आहे. बाळंतपण झाल्यावर जन्मदाखला थेट तुमच्याच नावाने करून देतो, काराबिराची भानगड नाही, खर्चाचं आपण बसून बोलू. मी फोन ठेवला आणि माझे हात थरथरत होते. कारण मनात पहिला विचार हाच आला की हेच उत्तर असेल का? इतक्या प्रार्थना केल्या, देवानेच दार उघडलं असेल तर?

आम्ही ती रात्र झोपलो नाही. नवऱ्याने बायबलमधलं उत्पत्तीचं पुस्तक काढलं. अब्राहामाला संततीचं वचन मिळालं आणि तो निघाला तेव्हा तो ७५ वर्षांचा, बायकोची, म्हणजे साराची, दासी हागार हिच्यापासून इश्माएल झाला तेव्हा ८६ वर्षांचा, आणि इसहाक झाला तेव्हा १०० वर्षांचा. ८६पर्यंत थांबलेल्या माणसाला कोण अधीर म्हणेल? सारा आणि तो थकले होते, त्यांनी स्वतःच वाट काढली आणि त्याची किंमत सगळ्यात जास्त मोजली ती हागारेने, तिला तर कोणी विचारलंही नव्हतं. आमच्यासमोरही एक हागार होती, जिला आम्ही पाहिलेलं नव्हतं, जिचं म्हणणं काय आहे ते त्या फोनवाल्याने एका शब्दाने सांगितलं नव्हतं. नवरा म्हणाला, "ज्या दारातून आत शिरताना खोटी सही करावी लागते ते दार देवाने उघडलं असं मी नाही म्हणू शकत." सकाळी आम्ही नाही सांगितलं, आणि हेही सांगितलं की त्या मुलीला बाल कल्याण समितीकडे न्या, तिथे ती कायदेशीर मार्गाने मूल सोपवू शकते. पुढे काय झालं कळलं नाही. मी आजही तिच्यासाठी प्रार्थना करते.

कोणाला असा फोन आला तर एवढं लक्षात ठेवा: कायद्याची पद्धत डावलून मूल देणं-घेणं हा गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि पैसे घेऊन मुलाची खरेदी-विक्री केली तर कैद पाच वर्षांपर्यंत. असं काही चाललंय असं कळलं तर १०९८ या हेल्पलाइनला कळवता येतं.

फेब्रुवारी २०२०मध्ये आमची होम स्टडी केलेल्या संस्थेत वाट बघणाऱ्या पालकांची मीटिंग होती. तिथे एका बाबांनी जरा चिडूनच विचारलं की मुलं संस्थेत असतात, आम्ही घरी वाट बघत असतो, मग मधे एवढा वेळ कशाला? त्या ताईंनी शांतपणे समजावलं. एखादी आई मूल सोपवायला येते तेव्हा समितीसमोर सही करते, आणि त्यानंतर तिला दोन महिने मिळतात, तिचं मन बदललं तर ती मूल परत नेऊ शकते. मूल टाकून दिलेलं सापडलं असेल तर पेपरात जाहिरात देतात, पोलिसांकडे तपास होतो, त्याचे आईवडील सापडतात का ते आधी बघतात. दोन वर्षांच्या आतलं मूल असेल तर दोन महिन्यांत आणि मोठं असेल तर चार महिन्यांत ते मोकळं आहे की नाही हे समिती ठरवते. मग त्या म्हणाल्या, काही आया परत येतात हो. रडत येतात आणि मूल घेऊन जातात. आमच्यासाठी तो दिवस सगळ्यात चांगला असतो.

मी घरी येईपर्यंत बसमध्ये तेच डोक्यात फिरत होतं. ज्या उशिराला मी देवासमोर रोज तक्रार म्हणून मांडत होते तो उशीर कोणा एका बाईसाठी परत फिरायची मुदत होती. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात तिसऱ्या अध्यायात आहे की प्रभू काही लोकांना वाटतं तसा उशीर करत नाही, तो धीर धरतो, कारण कोणाचाही नाश व्हावा असं त्याला वाटत नाही. हे वचन मी लहानपणापासून ऐकलेलं, संडे स्कूलमध्ये पाठ केलेलं. पण देवाच्या थांबण्यात दुसऱ्या कोणाची तरी सोय असू शकते, माझी नाही, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. धीर म्हणजे मी माझ्या वाट्याचं मिळेपर्यंत गप्प बसणं असंच मी धरून चालले होते. त्या दिवसापासून आमची रात्रीची प्रार्थना बदलली. जेवणानंतर आम्ही आधी त्या आईसाठी प्रार्थना करायचो, ती कोण आहे, आहे की नाही काही माहीत नसताना. तिला तिचं मूल ठेवता यावं असंही मागायचो, आणि ते मागताना खूप दुखायचं, कारण आपण काय मागतोय ते आम्हाला कळत होतं.

मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. गुड फ्रायडे आणि ईस्टर मोबाइलच्या स्क्रीनवर झाले. चर्च १६ नोव्हेंबरला उघडलं, पुढच्या एप्रिलमध्ये परत बंद झालं. यादी जवळजवळ थांबल्यासारखी वाटायची. या काळाबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, दिवस ढकलले.

एप्रिल २०२१मध्ये सासूबाई कोरोनाने गेल्या. शेवटच्या फोनवरही त्यांनी विचारलं, पोर्टल बघितलंस का. दफनाला घरचे मोजके लोक, पाळक दुरून प्रार्थना म्हणाले आणि झालं. त्यानंतर कितीतरी आठवडे मी देवाच्या वेळेबद्दल कोणाचं काही ऐकून घेऊ शकत नव्हते. ज्या बाईने आमच्यापेक्षा जास्त प्रार्थना केल्या तिला नातवंडाचं तोंड बघायला मिळालं नाही, मग वेळ बरोबर कशी? मी योहानाच्या ११व्या अध्यायाशी अडकून बसले होते. लाजर आजारी आहे असा निरोप मिळाल्यावर येशू होता तिथेच आणखी दोन दिवस राहिला, पोचला तोवर लाजराला कबरेत चार दिवस झालेले. मार्था तेच बोलते आणि मरीयाही तेच बोलते, प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. येशू दोघींपैकी कोणालाही गप्प करत नाही. मरीयेला रडताना बघून तो स्वतः रडतो, आणि हे सगळं लाजराला हाक मारून जिवंत करायच्या आधीचं. मला उत्तर मिळालं असं नाही म्हणणार. इब्री लोकांस पत्राच्या ११व्या अध्यायात वचनातलं हाती न येताच गेलेल्या लोकांबद्दल आहे, त्यांनी ते दुरून पाहिलं आणि त्याला नमस्कार केला. सासूबाई त्यांच्यातल्या, एवढंच मी स्वतःला सांगू शकले. त्यांची उणीव आजही आहे, लेक आल्याने ती भरली नाही.

ऑगस्टमध्ये आम्ही होम स्टडी पुन्हा करून घ्यायच्या तयारीत होतो, कारण तो रिपोर्ट तीन वर्षं चालतो आणि आमची मुदत ऑक्टोबरमध्ये संपत होती. मेडिकल सर्टिफिकेट्स नवीन काढली, उत्पन्नाचे कागद गोळा केले. आणि एका शुक्रवारी संध्याकाळी मेसेज आला. रेफरल. पोर्टलवर एक फोटो, चाइल्ड स्टडी रिपोर्ट आणि मेडिकल रिपोर्ट. आठ महिन्यांची मुलगी, विदर्भातल्या एका संस्थेत.

इथून सगळं एकदम वेगाने होतं. मूल रिझर्व्ह करायला फक्त ४८ तास असतात, त्यात सुट्टीचे दिवस धरून. म्हणून ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांशी आधीच बोलून ठेवा की रेफरल आला तर शनिवारी-रविवारी रिपोर्ट बघून द्याल का. आमच्या डॉक्टरांनी रात्री साडेनऊला व्हिडिओ कॉलवर रिपोर्ट वाचला. जन्माच्या वेळी वजन कमी, दिवस पूर्ण भरायच्या आधी जन्मलेली, बाकी तपासण्या ठीक. त्यांनी कुठल्या गोष्टी प्रत्यक्ष भेटीत बघायच्या ते लिहून दिलं. मूल स्वीकारायच्या आधी तुमच्या डॉक्टरांकडून तपासून घेता येतं, ते मागायला संकोच करू नका. आम्ही त्याच रात्री रिझर्व्ह केलं. मग मी रिपोर्टवरची जन्मतारीख परत बघितली. २०२०चं शेवट. आम्ही नोंदणी केली, मी मदर्स डेला बाकावर बसले होते, तो फोन आला, तेव्हा ती या जगात नव्हतीच.

पण यावरून मी असं नाही म्हणणार की देवाने आमच्यासाठी तिला तिच्या आईपासून वेगळं केलं. मंडळीत काहीजण प्रेमाने असं बोलतात. मला ते बरोबर वाटत नाही. तिच्या आयुष्यात आमच्या आधी एक मोठी ताटातूट झाली आहे, ते दुःखच आहे आणि देवालाही त्याचं दुःख असणार. त्या दुःखानंतर तिला घर मिळावं म्हणून त्याने आम्हाला तयार ठेवलं, एवढं मी पूर्ण विश्वासाने म्हणते.

सप्टेंबरमध्ये आम्ही संस्थेत गेलो. दत्तक समितीने आमच्याशी बोलून मूळ कागद तपासले, आणि मग एक मावशी तिला कडेवर घेऊन आल्या. ती माझ्याकडे आली नाही, मावशींच्या मानेत तोंड खुपसून बसली. स्वीकृतीवर सही केली, चाइल्ड केअर कॉर्पसचे, म्हणजे संस्थेतल्या मुलांच्या देखभालीच्या निधीचे, ४०,००० रुपये भरले, पावती घेतली, आदेश होईपर्यंत मूल सांभाळण्याचा फॉस्टर केअरचा करार केला. यापलीकडे संस्था कुठलीही देणगी मागू शकत नाही. निघताना मावशींना विचारून मी लिहून घेतलं: दूध किती वाजता, किती पातळ, झोपवताना काय करता. हे प्रत्येकाने करा. तिने वापरलेले एक-दोन कपडे न धुता मागून घ्या, ओळखीचा वास लागतो त्यांना.

पहिल्या रात्री ती तासन् तास रडली. दुसऱ्या रात्रीही. दिवा घालवला की रडणं वाढायचं. मग नवऱ्याला सुचलं, संस्थेत फोन करून विचारलं, तर तिथल्या खोलीत रात्रभर ट्यूब चालू असायची. आम्ही ट्यूब चालू ठेवली आणि ती झोपली. मग कितीतरी महिने आम्ही डोळ्यांवर ओढणी टाकून त्या उजेडात झोपलो. माझ्याकडे ती स्वतःहून हात पसरून आली ते बऱ्याच आठवड्यांनी. मूल आलं की वाट बघणं संपतं असं मला वाटत होतं, पण खरं तर आता तिची वेळ सुरू झाली होती, आणि तिला घाई करणं आमच्या हातात नव्हतं.

रजेचं आधी बघून ठेवा. आमच्या वेळी कायद्याने दत्तक आईला १२ आठवड्यांची रजा होती ती मूल तीन महिन्यांच्या आतलं असेल तरच, आणि कारातून एवढं लहान मूल क्वचितच येतं. मी वेटिंगमध्ये असतानाच एचआरशी बोलले होते म्हणून साठलेली रजा आणि थोडी बिनपगारी रजा मिळून जमलं.

नंतर कोर्ट. आमच्या वेळी याचिका संस्था दाखल करायची, जिथे संस्था आहे तिथल्या कोर्टात. कायद्यात दोन महिन्यांत निकालाची तरतूद आहे, आमच्या बाबतीत एप्रिल २०२२ उजाडला. सुनावणी बंद खोलीत झाली, न्यायाधीशांनी मोजके प्रश्न विचारले, तिच्या नावावर काय बचत करणार वगैरे. आदेश होईपर्यंत मूल तुमच्याकडे असतं पण कायद्याने पूर्ण तुमचं नसतं, ही जाणीव रात्री त्रास देते, त्यासाठी मंडळीतल्या दोन-तीन माणसांना आधीच सांगून ठेवा की आमच्यासाठी प्रार्थना करा. तिचा फोटो कुठेही टाकू नका, ग्रुपवरसुद्धा नाही. आदेशाची प्रत मिळाल्यावर आमच्या नावाचा जन्मदाखला काढला, विम्यात नाव घातलं. फॉलो-अप दर सहा महिन्यांनी, दोन वर्षं.

आमच्यानंतर नियम बदलले आहेत. सप्टेंबर २०२२पासून कायद्यातल्या बदलानुसार आदेशाचं काम कोर्टाऐवजी जिल्हाधिकाऱ्यांकडे दिलं आहे, आणि त्याच महिन्यात नवीन दत्तक नियमावली आली. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी नवरा-बायकोच्या वयांची बेरीज आता ८५पेक्षा जास्त चालत नाही, आमच्या वेळी चार वर्षांपर्यंतच्या मुलाला ९० चालायची. फी पण पोर्टलवर बघूनच भरा, माझे आकडे जुने धरा.

आमच्या मंडळीतलं एक जोडपं अजून यादीत आहे. आमची साक्ष ऐकून त्यांना तुमचंही होईल असं मी म्हणत नाही, ते मला माहीत नाही. त्यांच्या होम स्टडीची मुदत संपत आलीय. शनिवारी आम्ही त्यांच्याकडे जातोय, कागद बघून द्यायला, त्यांच्याही पॅनवर स्पेलिंगचा घोळ आहे आणि अफिडेविट करावं लागणार आहे.